धरला, मोजला, सोडला

1994 साली अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावात, एका माशाची शोकसभा झाली. हजारावर माणसं आली होती. मासा म्हणजे खरं तर बास जातीची मादी, नाव एथेल. टेक्सासातल्या लेक फोर्क नावाच्या तलावात 1986 च्या नोव्हेंबरात ती मार्क स्टीव्हनसन या गाइडच्या गळाला लागली, तेव्हा तिचं वजन भरलं 17.67 पौंड, म्हणजे आठ किलो. त्या वेळचा तो टेक्सासचा विक्रम. पुढे मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका अवाढव्य दुकानाने तिला काचेच्या टाकीत ठेवलं आणि ती जाईपर्यंत लोक तिचं दर्शन घेत राहिले.

ही हकीकत आमच्या पुणेकराने डॅलसजवळच्या फ्रिस्को गावात, आमच्याच मागच्या अंगणात सांगितली, तेव्हा अलिबागकराच्या हातातली पापलेटची तुकडी तोंडापाशी थांबली.

"आठ किलोचा मासा," तो म्हणाला, "आठ वर्षं घरात होता. आणि कोणीच काही नाही?"

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काही. आलं, लसूण, काही."

पुणेकर शाकाहारी आहे. त्याने शांतपणे समजावून सांगितलं की बास पकडणं हा खेळ आहे, बाजारहाट नव्हे. मासा धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. हिंसा शून्य. (ओठात रुतलेल्या गळाबद्दल माशाचं मत कोणी घेतलेलं नाही, पण तो मुद्दा आम्ही तेव्हा काढला नाही.) मासे न खाणाऱ्या माणसासाठी जगात याहून चांगला मासेमारीचा प्रकार सापडणार नाही, असं म्हणून त्याने फोन काढला. त्यात लेक फोर्कवरचे व्हिडिओ, पाण्याचं तापमान, चंद्राच्या कला आणि एक एक्सेल शीट होतं. शीटमध्ये आम्हा चौघांची नावं आधीच घातलेली होती.

चौघं म्हणजे हा पुणेकर. अलिबागकर, ज्याच्या मते मासा समुद्रात किंवा फार तर खाडीत होतो, बाकी सगळं गाळ. भंडाऱ्याचा एक मित्र. आणि मी, इंदापूरकडचा, उजनीच्या पाण्यावर वाढलेला. भंडारेकराची आणि अलिबागकराची मैत्री पक्की असली तरी माशावरून दर दोन महिन्यांनी मोडते. "काहून बे," भंडारेकर विचारतो, "गोड्या पाण्यातला मासा काय मासा नसते का? आमच्याकडे कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेत, मोजता मोजता माणूस थकते. मरळ खाल्ला का तू कधी?" त्यावर अलिबागकर डोळे मिटून फक्त एक शब्द उच्चारतो, "जिताडा." हा खाजणातला मासा रायगडात जावयाला करून घालतात आणि त्याच्या आठवणीने आमचा अलिबागकर परदेशात हळवा होतो. मी अशा वेळी गप्प बसतो. उजनीच्या चिलापीचं नाव या सभेत काढण्यात अर्थ नसतो.

तर बासबद्दल. हिरवट पाठ, कुशीवर काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारी जिवणी. त्या जिवणीत बेडूक, लहान मासे, कोळंबीसारखे दिसणारे क्रेफिश, जे मावेल ते जातं. मासा तसा साधाच. त्याला मोठं केलं ते रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमा एजंटाने. या गृहस्थाने 1967 साली बास पकडण्याची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी देशव्यापी संघटना काढली, आणि 1972 पासून पकडलेला मासा जिवंत ठेवून परत पाण्यात सोडायची चाल स्पर्धांमध्ये रूढ केली. आज त्या संघटनेच्या मुख्य स्पर्धेचं पहिलं बक्षीस तीन लाख डॉलरचं असतं.

"विमा एजंट होता ना? तरीच," अलिबागकर म्हणाला. "आयुष्यभर भरत राहायचं, हातात काही पडत नाही."

तरीही तो आला. मासा पाण्यात आहे आणि आपण घरात आहोत, ही स्थिती त्याच्या रक्ताला मानवत नाही.

मार्चमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी भंडारेकराच्या गाडीतून निघालो. आय-थर्टीने पूर्वेला, रॉकवॉलला तलावावरचा लांब पूल ओलांडून, ग्रीनव्हिलला खाली वळून हायवे 69 ने एमरी आणि आल्बा. दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. आम्हाला तीन तास लागले, कारण वाटेत रॉइस सिटीला टोपीवाल्या बीव्हरचं चित्र लावलेला तो प्रचंड पेट्रोलपंप लागतो. त्याची कीर्ती स्वच्छ संडासांसाठी आहे. तिथे आत गेलेला मराठी माणूस स्वच्छता पाहून भारावतो, मग फज चाखतो, मग घरच्यांसाठी काहीतरी घेतो, मग रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मराठी माणसाला भेटतो. पुणेकराने बाहेरचं काही घेतलं नाही. त्याच्याकडे थालीपिठं, दही, दाण्याची चटणी आणि इंडियन स्टोअरमधून आणलेली केळ्याच्या वेफर्सची दोन पाकिटं होती. या वेफर्सचं पुढे काय झालं ते यथावकाश येईल.

ग्रीनव्हिल सोडलं की डॅलसचा दिमाख संपतो. गवताळ रानं, गाई, पांढरी चर्चं, आणि प्रत्येक तिसऱ्या घरासमोर ट्रेलरवर चढवलेली बोट. घराचा रंग उडालेला, पण बोट झाकलेली. आल्बाच्या पुढे काळोखात आमची केबिन सापडली. पाण्याचा वास येत होता, पाणी दिसत नव्हतं. अलिबागकराने नाकाने हवा ओढली आणि नापास करून टाकली. "मीठ नाही," तो म्हणाला.

पहाटे साडेपाचला आमिषाच्या दुकानात गेलो. अशा दुकानात एका फ्रिजमध्ये सँडविच आणि त्याच्या शेजारच्या फ्रिजमध्ये गांडुळं ठेवतात, आणि दोन्ही दारांवरच्या अक्षरांचा आकार सारखाच असतो. पुणेकराने सँडविच घेणार नसतानाही दोन्ही पाट्या दोनदा वाचल्या. पण खरी गंमत प्लॅस्टिकच्या अळ्यांची. भिंतभर पाकिटं टांगलेली. रंगांची नावं हिरवा भोपळा, कलिंगड, कलिंगडात लाल, भोपळ्याची बी. भाजीबाजारात आल्यासारखं वाटून पुणेकर खुलला. ही प्लॅस्टिकची अळी निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी शोधून काढली आणि नंतर त्याचा कारखाना टेक्सासात टायलरला, म्हणजे लेक फोर्कपासून तासाभरावर आला, ही माहिती त्याने दुकानदार बाईंना दिली. बाई तिथल्याच होत्या. त्यांनी ती ऐकून घेतली.

अलिबागकर एका पाकिटाची मागची बाजू वाचत होता. "हे बघ," तो मला म्हणाला. "याला मीठ लावलंय. आणि लसणाचा वास."

"हो. माशाने तोंडात धरल्यावर लगेच थुंकू नये म्हणून."

त्याने पाकीट परत टांगलं. "मसाला आमिषाला," तो म्हणाला, "आणि मासा परत पाण्यात. या लोकांना कोणी तरी एकदा क्रम समजावून सांगा रे."

भंडारेकर एवढ्या वेळात बाईंचा मोठा मुलगा काय करतो, धाकटीचं लग्न कुठे झालं आणि गुडघ्याचं ऑपरेशन कोणी केलं इथपर्यंत पोचला होता. बाईंनी त्याला बाजूला घेऊन काही तरी सांगितलं आणि बादलीभर जिवंत मिनो, म्हणजे बोटाएवढे छोटे मासे, दिले. बोटीत गाइड धरून चारच माणसं बसणार होती, म्हणून एकाला काठावर थांबणं भाग होतं. भंडारेकर स्वतःहून म्हणाला, "तुम्ही जा. मी इथेच बसून राहतो." आम्हाला त्याचा त्याग वाटला.

आमचा गाइड साठीचा होता आणि कमीत कमी शब्दांत बोलायचा. त्याचं पहिलं वाक्य असं, "परवा यायला हवं होतं." त्याचा इलाज नव्हता. रात्री उत्तरेकडून थंड हवेचा लोट येऊन गेला होता. हवेचा दाब वाढला होता, आकाश निळं आणि निरभ्र झालं होतं. आपण जिला सुरेख सकाळ म्हणतो, तिला बासवाले वाईट हवा म्हणतात. अशा दिवशी मासा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसतो आणि तोंड उघडत नाही. मी पुण्या-मुंबईत आणि उजनीवरही मासे पकडणाऱ्यांशी बोललो आहे. मासा कालपर्यंत होता, ही बातमी सगळीकडे सारखीच मिळते.

दुसरं वाक्य, "केळी आणलीत का?"

बोटीवर केळी म्हणजे अपशकुन, अशी अमेरिकेतल्या मासेमारांची पक्की समजूत आहे. आम्ही नाही म्हणालो. मग पुणेकराने प्रामाणिकपणे वेफर्सचं पाकीट वर केलं आणि विचारलं की तळलेली, मीठ लावलेली, केरळात तयार झालेली केळी नियमात बसतात का. गाइडने पाकीट हातात घेऊन त्यावरचं चित्र पाहिलं. चित्र केळ्याचंच होतं. तो बराच वेळ विचार करत होता. बहुधा असा प्रश्न त्याच्या हयातीत आला नव्हता. शेवटी त्याने ते पाकीट धक्क्यावर ठेवून दिलं. अलिबागकराने मात्र पिशवीतून नारळ काढला, धक्क्याच्या दगडावर फोडला आणि पाण्याला हात जोडून गाइडच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. गाइडने टोपी काढून तो खाल्ला. नारळाला त्याची हरकत नव्हती.

बोट एकवीस फुटी, लाल रंगात चमकी घातलेली, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन. मासा ताशी किती वेगाने पळतो मला ठाऊक नाही, पण त्याच्यामागे साठ मैलांच्या वेगाने जाण्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. डोळ्यांतून पाणी, कानांत बर्फ. अलिबागकर ओरडून काही सांगत होता. नंतर कळलं की तो आपल्या आजोबांच्या होडीला शीड होतं एवढंच सांगत होता.

मग बोट थांबली आणि उजाडलं, आणि पहिल्यांदाच तलाव दिसला.

टेक्सासात एवढे तलाव असून कॅडो लेक सोडला तर नाव घेण्याजोगा एकही नैसर्गिक नाही. बाकी सगळी धरणं. लेक फोर्कचं धरण 1980 साली पुरं झालं आणि 1985 अखेर ते भरलं. पाणी डॅलसच्या नळांसाठी. सत्तावीस हजार एकरांवर पाणी पसरणार हे माहीत असूनही झाडं बरीचशी तोडली नाहीत, तशीच बुडू दिली, कारण माशांना आडोसा लागतो. पाणी अडवण्याच्या आधीच तिथल्या तळ्यांमध्ये फ्लोरिडाच्या जातीचा बास सोडून ठेवला होता, कारण तो जास्त वाढतो. म्हणजे मासे आधी राहायला आले, तलाव नंतर आला. आता मैलोन्‌मैल पाण्यातून वठलेल्या झाडांचे खुंट वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. उजनीही त्याच सुमाराची. तिथे उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं आणि लोक बुडालेल्या गावाची वाट दाखवतात. इथे कोणी काही दाखवत नव्हतं. गाइडला विचारलं तर तो खुंटाकडे बोट करून म्हणाला, "ओक." त्याचा कामाशी संबंध तेवढाच.

आता मासेमारी सुरू होईल असं वाटलं. तर गाइडने पुढच्या भागातले दोन भलेमोठे स्क्रीन चालू केले.

हे सोनार. पाण्याखाली या क्षणी काय चाललंय ते स्क्रीनवर थेट दिसतं. झाड दिसतं, झाडाशेजारी मासा दिसतो, आपण टाकलेली अळी खाली जाताना दिसते. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणले म्हणून निसर्गात आलेली तीन आयटीतली माणसं पुन्हा स्क्रीनभोवती गोळा झाली. पुणेकराने पाच मिनिटांत रंगसंगतीबद्दल दोन सूचना केल्या. गाइड पायाने पेडल दाबत बिनआवाजाची छोटी मोटर चालवत होता आणि बोटाने स्क्रीनवर दाखवत होता, "इथे टाका." आम्ही टाकत होतो. अलिबागकर लहानपणापासून गरवणारा. पण रीळ लावलेल्या त्या आखूड रॉडने पहिल्याच फेकीत असा गुंता घातला की गाइडने तो सोडवायचा प्रयत्नही न करता दोरी कापून टाकली. अंगठा सैल सुटला की रीळ दोरीच्या पुढे पळतं. समुद्रावर हातात नुसती दोरी धरून गरवणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही, हे अलिबागकराने आम्हाला सविस्तर सांगितलं.

पूर्वी गळ टाकून बसलेल्या माणसाला एक सोय होती. मासा लागला नाही तर तिथे मासाच नव्हता असं म्हणता यायचं. या यंत्राने ती काढून घेतली आहे. स्क्रीनवर आम्हाला स्पष्ट दिसत होतं की मासा आहे, मोठा आहे, अळीपासून हातभर अंतरावर आहे. तो पुढे यायचा. थांबायचा. अळीकडे नीट बघायचा. मग वळून झाडामागे जायचा. एकामागून एक नकार, तोही थेट प्रक्षेपणात. अशा तासाभरानंतर माणूस स्वतःच्या कपड्यांकडे बघायला लागतो.

गाइडने मग मार्चमधलं माशांचं घरगुती जीवन सांगितलं. या दिवसांत पाणी कोमट व्हायला लागलं की नर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून खळगा करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढे अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा नराचाच. या काळात तो फारसं खात नाही. आमिषावर झडप घालतो ती भुकेने नव्हे, आपल्या दारात हे कोण आलं या संतापाने. भूक नसताना निव्वळ राग आला म्हणून अंगावर येणाऱ्या या स्वभावाबद्दल पुणेकराने एकही शंका विचारली नाही. त्याला ते पटलेलं दिसलं.

आणि मादी तेरा पौंडांच्या वरची सापडली तर तिची वेगळीच व्यवस्था आहे. जानेवारी ते मार्चमध्ये अशी मादी मिळाली की सरकारला फोन करायचा. सरकारी माणसं पाण्याची टाकी बसवलेली गाडी घेऊन येतात आणि तिला अथेन्स नावाच्या गावातल्या सरकारी मत्स्यकेंद्रात नेतात. तिथे तिचं बाळंतपण होतं, पिल्लं तलावांना मिळतात, आणि तिला सुखरूप परत आणून सोडतात. पहिलटकरीण लेकीला माहेरी न्यावं तसं हे सगळं चालतं. 1986 मध्ये ही योजना सुरू झाली, तिची पहिली मानकरी ती एथेलच. पकडणाऱ्याला माशाची हुबेहूब प्रतिकृती मिळते, फायबरग्लासची. अलिबागकराने ती किती किलोची असते असं विचारलं.

दहाच्या सुमाराला अलिबागकराची दोरी एकाएकी बाजूला सरकली. त्याने काही विचार न करता झटका दिला. इथे रॉड, रीळ, स्क्रीन सगळं मागे पडलं आणि माणूस शुद्ध अलिबागचा उरला. मासा झाडाच्या बुडाशी शिरू बघत होता, त्याने शिरू दिला नाही. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झाडलं, त्याने दोरी सैल पडू दिली नाही. गाइडही दोन शब्द जास्त बोलला. बोटीत आला तेव्हा सुंदर जनावर होतं, यात वाद नाही. हिरवंगार, भरलेलं, उन्हात ओलं. गाइडने खालचा ओठ अंगठ्याने कसा धरायचा ते दाखवलं. तसा धरला की बास तोंड वासून निमूट लटकतो. मोजपट्टीवर ठेवला. एकोणीस इंच. काट्यावर चार पौंडांच्या आतबाहेर.

अलिबागकराचे ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. "पावणेदोन किलो. डोकं कालवणाला. दहा तुकड्या. शेपटीकडच्या दोन पातळ."

पुणेकराने खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला प्रत्येक बास परत सोडायचा, असा नियम आहे. सोळाच्या आतला ठेवता येतो, चोवीसच्या वरचा दिवसाला एक ठेवता येतो, एकूण पाच. मधले सगळे सरकारचे. म्हणजे जो खायला योग्य तो सोडायचा, आणि जो ठेवता येतो तो एक तर लहान किंवा आयुष्यात भेटत नाही तेवढा मोठा. अलिबागकराने तीन फोटो काढू दिले. मग वाकून मासा पाण्यात धरला. त्याने शेपटी हलवली, अलिबागकराच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गेला. गाइडने पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं. आमच्याकडच्या पद्धतीने बघितलं तर ते सांत्वन होतं.

पण खरी परीक्षा पुढे होती. अर्ध्या तासाने त्यालाच दुसरा लागला, चौदा इंची. हा कायद्याने ठेवता येत होता. पुणेकराने कागद पुन्हा वाचून तसं जाहीर केलं. एवढंच नव्हे, सोळाच्या आतले थोडे मासे लोकांनी खावेत म्हणजे उरलेले नीट वाढतात, हाच अशा नियमामागचा हिशेब असतो, हेही सांगितलं. कायदा बाजूने, शास्त्र बाजूने, शाकाहारी मित्र बाजूने. अलिबागकराने गाइडकडे पाहिलं. गाइड काहीच बोलला नाही. त्याने नजर फक्त वळवून एका खुंटावर नेली आणि तिथेच ठेवली. अख्ख्या तलावावर त्या क्षणी कोणी बास ठेवत नव्हतं, हे आम्हाला न सांगता कळलं.

लोक काय म्हणतील, ही गोष्ट आपण भारतात सोडून आलो असं समजतो. चौदा इंची मासाही पाण्यात गेला.

परतीच्या वाटेवर अलिबागकराला जरा बरं वाटावं म्हणून पुणेकराने जागतिक विक्रमाची गोष्ट काढली. 2 जून 1932 रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने मॉन्टगोमेरी लेकमध्ये बास धरला, 22 पौंड 4 औंस. दहा किलो. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता याने त्याच्याहून एका औंसाच्या आतबाहेर जड मासा पकडला, पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो म्हणून दोघांची बरोबरी मानली जाते. म्हणजे पेरीचा आकडा अजून उभाच आहे.

"आणि पेरीने त्या माशाचं काय केलं?" अलिबागकराने सवयीने विचारलं. उत्तराची त्याला आशा नव्हती.

"मंदीचे दिवस होते. घरी नेला आणि खाल्ला."

अलिबागकर उभा राहिला. साठ मैलांच्या वेगात उभं राहायचं नसतं, गाइडने त्याला खाली बसवलं. पण त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून नव्हतं ते तेज आलं होतं. "बघ," तो म्हणाला, "जगातला सगळ्यात मोठा बास. आणि तो शिजवला. विक्रम कुठे गेला? जागेवर आहे."

धक्क्यावर भंडारेकर खुर्ची टाकून बसला होता. बाजूला वेफर्सचं पाकीट, रिकामं. पायाशी बर्फाची पेटी. पेटीत क्रॅपी, चपटे, चंदेरी, काळे ठिपके असलेले, एकाहून एक सरस. गणवेशातला एक गेम वॉर्डन नुकताच ते मोजून गेला होता. क्रॅपीला कमीत कमी दहा इंच लागतात आणि सगळे दहाच्या वर होते. परवाना दाखवून झाल्यावर भंडारेकराने त्यालाही वेफर्स दिले होते.

"बाईनं सांगितलं होतं," तो म्हणाला. "बासवाल्यांच्या नादी लागू नको, धक्क्याच्या खांबापाशी मिनो सोड अन् चूप बस. हे तर आमच्या तलावावरचंच काम झालं."

आणि इथे इतिहास त्याच्या बाजूने आहे. टेक्सासातला आजवरचा सगळ्यात मोठा बास, 18.18 पौंडांचा, याच लेक फोर्कवर 1992 च्या जानेवारीत बॅरी सेंट क्लेअर याने धरला. तो बासच्या मागे नव्हताच. तो मिनो लावून क्रॅपी धरायला बसला होता. एथेलचा विक्रम मोडला तो असा, चुकून. पुणेकराने ही माहितीही आम्हाला बोटीत बसायच्या आधी द्यायला हवी होती, पण ती त्याच्या शीटच्या दुसऱ्या पानावर होती.

संध्याकाळी केबिनबाहेरच्या गॅसच्या शेगडीवर अलिबागकराने सूत्रं हाती घेतली. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, वरून रवा. सगळं त्याने घरून आणलं होतं. सोडून देण्याच्या खेळाला निघालेला माणूस रवा कशाला घेतो, असं त्याला कोणी विचारलं नाही. तेलाचा आवाज झाला तसा पलीकडच्या धक्क्यावर बोट धूत असलेला आमचा गाइड टोपी हातात घेऊन आला. उभ्यानेच एक तुकडी खाल्ली. मग बसून चार खाल्ल्या. मग शब्द खर्च करत म्हणाला की क्रॅपीसारखा चवीचा मासा या तलावात दुसरा नाही, त्याच्या घरी दर शुक्रवारी हाच तळतात.

अलिबागकराचा झारा हवेत थांबला. "म्हणजे हे लोक मासे खातात?"

खातात. मनापासून खातात. फक्त बास खात नाहीत. एक मासा मानाचा, एक मासा जेवणाचा. एकाची शोकसभा, दुसऱ्याला मक्याचं पीठ. हा भेद कोणत्याही नियमात लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. अलिबागकराला ते ऐकून फार दिलासा मिळाला. इतका वेळ तो या लोकांना मासे न खाणारे समजून त्यांच्यावर दया करत होता. जातपात असलेला समाज आहे म्हटल्यावर त्याला ओळखीचं वाटलं.

भंडारेकर मात्र एकाच गोष्टीची वाट बघत होता. गोड्या पाण्यातला मासा अलिबागकराच्या ताटात होता आणि तिसरी तुकडी संपत आली होती. "काहून बे," त्याने शेवटी विचारलंच, "कसा लागून राहिला?"

अलिबागकराने काटा काढून कडेला ठेवला, विचार केला आणि म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय."

पुणेकराने थालीपीठ दह्याशी खाल्लं आणि शीटमध्ये एकोणीस इंचांची नोंद केली.

तुम्ही डॅलसच्या बाजूला असाल आणि लेक फोर्कला जायचं मनात असेल, तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हे दिवस चांगले. गाइड आधी ठरवा, दिवसाला चारपाचशे डॉलर तरी धरून चला. टेक्सासात राहणाऱ्याला एक दिवसाचा परवाना अकरा डॉलरला ऑनलाइन मिळतो, तो काढल्याशिवाय पाण्याकडे बघू नका. केळी कुठल्याही रूपात नेऊ नका. आणि तुमचा जीव कालवणात अडकलेला असेल, तर एवढी यातायात न करता गावातल्या एशियन बाजारात जाऊन बर्फातला बॅरामुंडी घ्या. तो म्हणजे आपला जिताडाच. अलिबागकर हल्ली तिथूनच आणतो.